सैल चाप

खडकवासल्याच्या तलावाच्या कांठीं उभें राहिलें असतां एका अंगास डोंगरांच्या रांगेंतून वर डोकावणारा सिंहगडाचा माथा दिसतो, आणि दुसऱ्या अंगास, पाण्यापलीकडे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या सुदान ब्लॉकचा घुमट दिसतो. पहिल्या जागीं १६७० सालीं तानाजी मालुसरे पडला. दुसऱ्या जागीं ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें कोनशिला बसली. सहलीस आलेली मंडळी दोन्हींचीं छायाचित्रें घेते, मक्याचें कणीस खाते आणि परत जाते. आम्हीं स्वतः अनेक वेळां असेंच केलें आहे. परंतु या दोन दृश्यांच्या मधल्या काळांत मराठी माणसाच्या हातांतल्या हत्याराचें काय झालें, हा प्रश्न आम्हांस ज्या प्रसंगानें पडला तो प्रसंग अगदीं क्षुल्लक होता.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांतील छात्रसेनेच्या मुलांना घेऊन आम्ही या भागांतल्या एका शिबिरास गेलों होतों. शिबिर कोणाचें व हत्यारें कोणाचीं हें सांगण्याचें येथें कारण नाहीं. गोळीबाराच्या सरावासाठीं बारा रायफली मांडल्या होत्या. साऱ्या अर्धस्वयंचलित, म्हणजे एकदां चाप ओढला कीं एकच गोळी सुटावी आणि दुसरी आपली आपण नळींत येऊन बसावी अशा जातीच्या. आणि साऱ्या पुष्कळ वापरलेल्या. चौथ्या रायफलीपाशीं पालथा निजलेला मुलगा एकाएकीं हात वर करून थांबला. "चाप हलतो आहे," तो म्हणाला. साताऱ्याकडचा एक हवालदार तेथें होता. त्यानें प्रथम मॅगझिन काढून घेतली, नळी रिकामी असल्याची डोळ्यानें आणि करंगळीनें खात्री केली, आणि मग चाप डावी-उजवीकडे हलवून पाहिला. तो खुळखुळ्यासारखा वाजला. हवालदारानें रायफल मधोमध उघडली, आंतल्या खिळीकडे कांहीं वेळ निरखून पाहिलें, शेजारच्या रायफलीची खीळ काढून या रायफलीच्या भोंकांत घालून पाहिली. तीही हललीच.

"साहेब, चापाचा दोष नाहीं," तो आम्हांस म्हणाला. "खीळ झिजलीय, आन् भोंकही मोठं झालंय. तसा चाप थोडा सैल असावाच लागतो. पण हा सैलपणा त्यांतला न्हवं."

हें शेवटचें वाक्य आमच्या डोक्यांत राहिलें. लष्करी बंदुकीचा चाप ओढतांना प्रथम थोडें रिकामें अंतर लागतें. तें करणारानें मुद्दाम राखलेलें असतें. थंडीनें बोटें बधिर झालेल्या, घाईंत असलेल्या शिपायाच्या हातून गोळी अवेळीं सुटूं नये, आणि आंत धूळ-चिखल गेला तरी भाग अडकून बसूं नयेत, हा त्याचा हेतु. दुसरा सैलपणा झिजेचा. खीळ पातळ होते, भोंक लांबट होतें, आंतली कमान थकते, घोडा ज्या खांचेला अडकून राहतो तिची धार बोथटते. आणि मग एखादे दिवशीं दस्ता जमिनीवर आपटतांच, चापाला बोट न लागतां, गोळी सुटते. वरून पाहणाराला दोन्ही सैलपणे सारखेच दिसतात. राखलेला कोणता आणि झिजेचा कोणता हें ठरविण्यास माप लागतें. तें माप कोणाच्या हातीं होतें, हा आमच्या मतें मराठ्यांच्या शस्त्रांच्या इतिहासांतला एक मोठा प्रश्न आहे. आणि तरवारीच्या पात्याइतकी चमक त्याला नसल्यामुळें तो फारसा विचारला गेलेला नाहीं.

शब्दापासूनच आरंभ करूं. संस्कृतांत चाप म्हणजे धनुष्य. मराठींत तो शब्द बंदुकीवर येऊन बसला, आणि त्याच वेळीं उधळ्या मुलाला "चाप लावणें" हाही प्रयोग आपल्या घरांत रूढ झाला. एकच शब्द सोडण्याला आणि आवरण्याला कसा चालला, असें भाषाशास्त्रज्ञांस वाटेल; पण बंदूक उघडून पाहिलेल्या माणसाला यांत नवल वाटत नाहीं. चाप आणि त्याच्यामागची अडकण यांचें खरें काम घोड्याला धरून ठेवणें हेंच आहे. सोडणें हें क्षणाचें, धरणें हें रात्रंदिवसाचें. बहुतेक झीज याच कामाच्या ठिकाणीं होते.

शिवकालांत आणि पेशवाईंत सर्वत्र चालणारी बंदूक म्हणजे तोड्याची. नळी लांब, पुष्कळदां लोखंडाची पट्टी पिळून व सांधून घडविलेली. ती दस्त्याला तारेनें किंवा चामड्याच्या वादीनें बांधलेली. नळीच्या बुडाशीं कानांत रंजक घालावयाची. दस्त्याच्या फटींतून वर आलेल्या वांकड्या लोखंडी दांड्याच्या टोकांत पेटता तोडा धरलेला असे. खालून चाप ओढला कीं दांडा वांकून तोडा रंजकेवर टेके. एक-दोन दांडे आणि एक-दोन खिळी, एवढीच सारी रचना. तिच्यांत सैलपणा भरपूर असे आणि तो बाधतही नसे. कारण येथें घाव घालावयाचा नव्हता, विस्तव टेकवावयाचा होता. खीळ झिजली तर गांवचा लोहार दुसरी ठोकून देई. पावसांत तोडा विझे, रात्रीं त्याच्या निखाऱ्यावरून शिपायाची जागा शत्रूस कळे, आणि दारूच्या शेजारीं सदैव विस्तव बाळगावा लागे, हे तिचे दोष खरेच. पण दुरुस्तीसाठीं गडाचा पायथा सोडून दूर जावें लागत नसे. पुण्याच्या केळकर संग्रहालयांतलीं जुनीं शस्त्रें पाहतांना आमचें लक्ष नक्षीकडे जातें; वाचकांनीं पुढच्या खेपेस एखाद्या बंदुकीच्या चापाकडे वांकून पहावें, अशी आमची विनंति आहे.

गारेची बंदूक आली आणि सारा हिशेब बदलला. तिच्यांत चापानें सोडलेला घोडा कमानीच्या जोरानें पुढें येऊन गार पोलादावर आपटतो आणि ठिणगी पडते. म्हणजे एक दणकट कमान हवी, तिला धरून ठेवणारी खांच हवी, खांचेत बसणारी अडकण हवी, आणि अडकणीला दाबून धरणारी दुसरी लहान कमान हवी. खांच केसभर चुकली तर घोडा चढत नाहीं, केसभर झिजली तर आपोआप पडतो. कमानीचें पोलाद तर फारच हट्टी. तें लाल करून बुडवावें लागतें आणि मग पुन्हां बेतानें ऊब देऊन त्याचा कडकपणा उतरवावा लागतो. ऊब कमी पडली तर कमान मोडते, जास्त झाली तर वांकलेली राहते. हें काम नांगराचा फाळ करणाऱ्या भट्टीवर अंदाजानें होण्यासारखें नव्हे.

आमचे एक इतिहासज्ञ स्नेही मराठ्यांनीं तोड्याच्या बंदुका शेवटपर्यंत सोडल्या नाहींत याचा दोष मराठ्यांच्या सनातनी वृत्तीवर ठेवतात. आम्हांस हें पटत नाहीं. ज्या शिपायाला स्वतःची बंदूक स्वतः आणावी लागे आणि जिची दुरुस्ती त्याच्याच गांवीं होई, त्यानें बिघडली असतां निरुपयोगी होणारी वस्तु घेऊं नये यांत सनातनीपणा कोठें आला? जेथें दुरुस्तीची सोय झाली तेथें मराठ्यांनीं नवी बंदूक उचलली. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्याच. आणि त्याच्याही पलीकडे महादजी शिंद्यांनीं जें केलें तें तर उघड आहे.

महादजींनीं १७८४ सालीं द बॉइन या सॅव्हॉयच्या सरदाराला नोकरींत घेतलें. त्यानें पलटणी उभ्या केल्या, आणि पलटणींना लागणाऱ्या तोफा व बंदुका करण्याचें काम आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराकडे आलें. त्याच्या कारखान्यांतली बंदूक दहा रुपयांस पडे, असें नमूद आहे. आग्र्याच्या या बंदुका कंपनीच्या बंदुकांच्या तोडीच्या होत्या. १७९० सालीं पाटण आणि मेडता येथें, १७९३ सालीं लाखेरीस, त्या आपल्या कामास उतरल्या. येथपर्यंतची हकीकत वाचून कोणाही मराठी वाचकाची छाती फुगेल. आमचीही फुगते. परंतु प्रश्न असा कीं, या बंदुकींचें माप कोणाकडे होतें? तें सँग्स्टरच्या डोळ्यांत आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांच्या बोटांत होतें. एका बंदुकीची अडकण दुसरींत बसेल अशी खात्री नव्हती. प्रत्येक खांच कानसीनें घासून जिची तिला जुळवावयाची. असें करणारा माणूस जवळ असेपर्यंत चाप सैल झाल्याचें भय नाहीं. माणूस गेला कीं बंदूक म्हातारी होऊं लागते.

न्याय म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या काळीं हें दैन्य एकट्या मराठ्यांचें नव्हतें. विलायतेंतही बंदुकीचा चाप हातानेंच जुळवीत. त्याच सुमारास, १७८५ सालीं, पॅरिसमध्यें ऑनोरे ब्लां नांवाच्या एका फ्रेंच बंदूककाराने अमेरिकेचे वकील टॉमस जेफर्सन यांच्यापुढें पन्नास बंदुकींच्या चाप-घोड्यांचे सुटे भाग कप्प्याकप्प्यांत लावून ठेवले. जेफर्सन यांनीं हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः कित्येक चाप जुळविले आणि ते बिनबोभाट बसले. त्यांनीं ही गोष्ट लागलीच मायदेशीं लिहून कळविली. फ्रान्सनें ब्लांचा फारसा उपयोग करून घेतला नाहीं. अमेरिकेनें ती कल्पना पुढच्या दोन पिढ्यांत सरकारी कारखान्यांतून सिद्धीस नेली. आणि इंग्रजांनीं १८५० नंतर अमेरिकन यंत्रें विकत आणून एन्फील्डला बसविलीं. म्हणजे इंग्रज कारागीर फार शहाणा आणि आमचा अडाणी, असा हा मामला नाहीं. फरक दुसराच होता. कंपनीनें एक नमुना ठरविला होता. त्या "इंडिया पॅटर्न" बंदुका हजारोंनीं इंग्लंडांतून जहाजांतून येत, आणि त्यांच्यामागें दुरुस्तीची व्यवस्था असे. हा नमुना इतका सोयीचा ठरला कीं, १७९० नंतरच्या युद्धांत खुद्द इंग्लंडच्या सरकारनें आपल्या सैन्यासाठीं तोच उचलला. कंपनीचा एक माणूस मेला तर दुसरा येई.

१८०३ च्या ऑगस्टांत लॉर्ड वेलस्लीनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतल्या इंग्रजांना ती सोडण्याचें आमंत्रण दिलें. अनेक अधिकारी गेले. द बॉइनच्या मागून आलेला पेराँ हा मुख्य सेनापति सप्टेंबरांत इंग्रजांच्या आश्रयास गेला. ऑक्टोबरांत आग्र्याचा किल्ला पडला. असई व लासवाडी या रणांगणांवर शिंद्यांच्या पलटणी मागें न हटतां मेल्या, हें शत्रूनेंही कबूल केलें आहे. त्यांच्या शौर्याबद्दल येथें वाद नाहीं. पैसा, फूट, घराघरांतले हेवेदावे हीं पराभवाचीं मोठीं कारणें आहेत आणि तीं नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जरी त्या दोन लढाया जिंकल्या असत्या तरी पुढच्या पांच वर्षांत त्या पलटणींच्या बंदुकींचें काय झालें असतें, याचें उत्तर आग्र्याबरोबर गेलें होतें.

पुण्याची कथा याहून खेदाची आहे, कारण ती इतकी जवळची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या खजिन्यांतून पगार घेणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनीं शिकविलेली फोर्डची पलटण दापोडीस होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस तोंड लागलें तेव्हां ती दापोडीहून निघून इंग्रजांस जाऊन मिळाली. पेशव्यांच्या बाजूस पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची पलटण राहिली. तिचा हल्ला मोडला. मोरदीक्षित पडले. बापू गोखल्यांच्या घोडदळाची चढाई दलदलींत अडली. पुढें २ मार्च १८१८ रोजीं, म्हणजे चारच महिन्यांत, सिंहगड इंग्रजांच्या हातीं गेला. तो राखणारांत अरब आणि गोसावी होते. आणि अशा गडकऱ्यांचें हत्यार म्हणजे मुख्यतः तीच जुनी तोड्याची बंदूक. आज खडकवासल्याच्या बांधावरून ज्याला गड म्हणून बोट दाखवितात, तेथली शेवटची बार अशा रीतीनें विझली.

यानंतरचा काळ आम्ही लवकर ओलांडतों. १८५७ च्या नंतर देशी पलटणींच्या हातीं गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी जुनें हत्यार द्यावयाचें, हें सरकारचें धोरणच झालें. गोऱ्याला मार्टिनी मिळाली तेव्हां काळ्याला स्नायडर, गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली तेव्हां काळ्याला मार्टिनी. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें गांवांतली बंदूक परवान्याखालीं गेली, आणि बंदूक गेली तशी ती सांधणाऱ्या लोहाराची विद्याही गेली. खडकीस १८६९ सालीं दारूगोळ्याचा मोठा कारखाना निघाला. त्यांत पुण्याचीं माणसें काम करीत, पण काडतूस भरणें वेगळें आणि चापाची खांच ठरविणें वेगळें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बंगालमध्यें इशापूरला रायफली होऊं लागल्या; त्यांचीं रेखाटनें मात्र एन्फील्डचीं.

१९६२ च्या हिंवाळ्यांत हिमालयांत आमचा जवान जी रायफल घेऊन उभा होता ती .३०३ ची होती. तिचा नमुना १९०७ सालचा. प्रत्येक गोळीनंतर मूठ वर उचलून, मागें ओढून, पुन्हां पुढें लोटावी लागे. समोर चिनी शिपायांजवळ स्वयंचलित व अर्धस्वयंचलित हत्यारें होतीं. त्या आघातानंतर ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरणी रायफलीचें काम निकडीचें झालें. या कामाशीं पुण्याचा संबंध थेट आहे, आणि आम्हांस तो खडकीच्या लढाईइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९५८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेनें बेल्जम, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथल्या एकाच घराण्यांतल्या रायफली खोलून, एकेक भाग मापून, आपलें रेखाटन तयार केलें. मूळ रचना बेल्जमच्या दिअदोने सैव्ह या अभियंत्याची. बेल्जमचीं मापें मिलिमीटरांत, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचीं इंचांत. आमची रायफल धड इंची नाहीं आणि धड मेट्रिकही नाहीं अशी तिसरीच झाली. १९६३ सालीं ती इशापूरला होऊं लागली. मूळ बेल्जियन कंपनीनें अर्थातच तक्रार केली, आणि तिच्याकडून आणखी कांहीं रायफली विकत घेऊन तो तंटा मिटवावा लागला.

कायद्याच्या दृष्टीनें हें कृत्य कसें होतें, याची चर्चा विधिज्ञांनीं करावी. इतिहासाच्या दृष्टीनें तें आग्र्याच्या कारखान्याहून एका बाबतींत निराळें होतें: येथें माप माणसाच्या डोळ्यांत राहिलें नाहीं, कागदावर उतरलें. परदेशी बहिणींचे सर्व भाग या रायफलींत सर्रास बसत नाहींत, म्हणून तिची खीळ बाहेरून मागवून भागत नाहीं. ती येथेंच करावी लागते. ही अडचणही आहे आणि हेंच स्वातंत्र्यही आहे. अशा रायफलींत चापाचें काम तोड्याच्या बंदुकीच्या शतपट नाजूक असतें. गोळीबरोबर सुटलेल्या वायूच्या जोरानें मागें आलेला ठोकळा घोड्याला पुन्हां चढवितो; त्या वेळीं शिपायाचें बोट अजून चापावर दाबलेलें असतें, आणि तरीही घोडा धरला गेला पाहिजे, नाहीं तर बोटाचा आणि गोळीचा संबंधच सुटेल. हें सर्व एका लहान अडकणीनें पापणी लवण्याच्या आंत करावयाचें, आणि तें हजारों वेळां. ती खीळ झिजते याचें आश्चर्य नाहीं; इतकीं वर्षें टिकते याचेंच आहे.

टिकते म्हणून ती वापरांतून जातही नाहीं, हा याचा दुसरा भाग. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकींसमोर कांहीं पोलिसांच्या हातीं जी रायफल होती ती तीच .३०३ होती. नवें हत्यार लष्करांत येतें, जुनें पोलिसांकडे जातें, त्याहून जुनें शिकाऊ मुलांकडे. यांत कोणाची लबाडी नाहीं. गरीब घरांत थोरल्याचा सदरा धाकट्याला मिळतो, तसाच हा क्रम आहे. मात्र सदऱ्याची बटणें तपासणारी आई घरांत लागते.

ती विद्या आतां खडकवासल्यालाच शिकवितात. १९५२ सालीं सुरू झालेली शस्त्रास्त्र-अभ्यासाची संस्था १९६७ च्या सुमारास तलावाजवळच्या गिरिनगरांत आली, आणि पुढें विद्यापीठाच्या दर्जास पोंचली. तेथें पोलाद कसें थकतें, खिळीच्या भोंकाची झीज कशी मोजावी, कमानीचें आयुष्य कसें काढावें, याचें शास्त्र आहे. आमच्या हवालदारानें यांतलें कांहीं पुस्तकांतून वाचलें नव्हतें. त्याला एवढें ठाऊक होतें कीं, शेजारची चांगली खीळ घालूनही चाप हलतो तेव्हां दोष खिळीवर संपत नाहीं.

मुलांनीं त्याला गराडा घातला होता. एकानें सुचविलें कीं, खिळीवर पातळ पत्रा गुंडाळला तर आजच्यापुरतें भागेल. हवालदार हंसला नाहीं. "पत्रा आज बसंल. उद्यां सरकंल, आन् चाप अडकंल. मग गोळी सुटलीच तर कुणाकडं सुटंल?" असें म्हणून त्यानें रायफल मिटविली, तिच्या दस्त्याला सुतळीनें एक चिठ्ठी बांधली, वहींत तिचा क्रमांक आणि दोष लिहिला आणि वही आमच्यापुढें धरली. कार्यशाळेकडे जाणाऱ्या हत्यारावर शिबिरांतल्या अधिकाऱ्याची सही लागत असे. आम्हीं सही केली. चौथ्या जागेवरचा मुलगा उठून पांचव्या जागेमागें रांगेंत जाऊन उभा राहिला, आणि उरलेल्या अकरा रायफलींवर सराव पुढें चालू झाला.